ईशान्य आयोवाच्या खोऱ्यात तंबू कसा ठोकावा

अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे आयोवा, इलिनॉय, मिशिगन अशा उत्तर-मध्य राज्यांत, तंबूत मुक्काम करण्याच्या जागा ढोबळमानाने दोन तऱ्हेच्या असतात. पहिल्या तऱ्हेत वीज, गरम पाण्याची न्हाणीघरे, मुलांसाठी घसरगुंड्या आणि शेजारच्या आरव्हीच्या (राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या) जनरेटरची रात्रभर घरघर असते. दुसऱ्या तऱ्हेत सपाट केलेली जमीन, बाकासह एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी जमिनीत बसवलेले लोखंडी कडे आणि थोड्या अंतरावर खड्ड्याचे शौचालय, एवढेच असते. पाण्याचा हातपंप असला तर नशीब समजावे. या दुसऱ्या तऱ्हेला बहुतेक ठिकाणी ‘प्रिमिटिव्ह’ आणि मिशिगनमध्ये ‘रस्टिक’ म्हणतात. शब्द ऐकून बिचकण्याचे कारण नाही, कारण गाडी बहुधा तंबूपासून वीस-पंचवीस पावलांवरच उभी असते. फक्त तिथे जे नाही ते आपण बरोबर न्यायचे असते आणि जमीन आपल्या डोळ्यांनी पारखून घ्यायची असते.

जागा शोधणे

उदाहरण म्हणून आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यातील, अ‍ॅलमकी काउंटीमधले (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) यलो रिव्हर स्टेट फॉरेस्ट, म्हणजे राज्य सरकारच्या ताब्यातले जंगल, घेऊ. आयोवा म्हटले की मक्याची सपाट शेते डोळ्यांपुढे येतात, पण हा कोपरा वेगळा आहे. शेवटच्या हिमयुगात आजूबाजूचा मुलूख घासून सपाट करणाऱ्या हिमनद्या इथवर पोहोचल्या नाहीत. त्यामुळे मिसिसिपी नदीच्या या पट्ट्यात चुनखडीचे कडे, खोल खोरी आणि उन्हाळ्यातही थंड राहणारे झरे शिल्लक राहिले. मक्याच्या पठारावरून गाडी अचानक झाडीत उतरू लागते तेव्हा घाटाचा रस्ता लागल्याचा भास होतो. खाली पेंट क्रीक नावाचा, ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध असलेला ओढा वाहतो आणि तंबूच्या जागा त्याच्याच आसपास आहेत. खोऱ्यात मोबाइलला नेटवर्क मिळेल असे गृहीत धरू नये. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा किंवा कागदावर न्यावा.

अशा जागा शोधताना राष्ट्रीय उद्याने आणि नावाजलेली स्टेट पार्क आधी बाजूला ठेवावीत. दक्षिण इलिनॉयच्या शॉनी राष्ट्रीय वनातील ‘गार्डन ऑफ द गॉड्स’च्या खडकांजवळचे फॅरो कॅम्पग्राउंड देखणे आहे, पण तिथे जेमतेम १२ जागा असल्यामुळे ऑक्टोबरच्या शनिवारी ती रिकामी मिळण्याची आशा धरू नये. त्यापेक्षा स्टेट फॉरेस्ट आणि काउंटीची उद्याने पाहावीत. आयोवात १९५५ च्या कायद्यान्वये काउंटीपातळीवर निसर्गसंवर्धन मंडळे स्थापन होऊ लागली आणि आज सर्व ९९ काउंट्यांत ती आहेत. त्यांच्या ताब्यातील तळ्याकाठच्या पाच-दहा तंबूंच्या जागा परगावच्या लोकांना ठाऊकही नसतात. माझ्या मते मिडवेस्टमधील खरी शांतता याच ठिकाणी मिळते. काही जागा आगाऊ राखता येतात, तर काही ‘जो आधी येईल त्याची’ या पद्धतीच्या असतात. हे नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी संबंधित कार्यालयाला फोन करून खात्री करावी आणि त्याच फोनवर पंप सुरू आहे का तेही विचारावे, कारण थंडी पडू लागली की पाणी बंद केले जाते.

काळ निवडताना सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेनंतरचे चार-पाच आठवडे सर्वांत सोयीचे. डास ओसरलेले असतात, शाळा सुरू झाल्याने गर्दी हटलेली असते आणि रात्री शेकोटी हवीशी वाटण्याइतका गारवा असतो. स्टेट फॉरेस्टमध्ये शिकारीला परवानगी असते, म्हणून हंगामाच्या तारखा पाहाव्यात आणि पायवाटांवर फिरताना भडक नारिंगी रंगाचे जाकीट किंवा टोपी घालावी.

पोहोचणे आणि पैसे भरणे

सूर्यास्ताच्या किमान तीन तास आधी पोहोचावे. या लेखातील एकच सूचना पाळायची असेल तर हीच पाळावी, कारण पुढची सगळी पारख उजेडातच होते. शक्य असल्यास गुरुवारी दुपारी पोहोचावे, कारण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चांगल्या जागा गेलेल्या असतात.

प्रवेशाजवळ बहुधा एक लाकडी फलक, पाकिटांची पेटी आणि जाड लोखंडी नळकांडे असते. माणूस कोणी नसतो. आधी गाडीतून पूर्ण फेरी मारून जागा ठरवावी, मग पाकिटावर जागेचा क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि तारखा लिहाव्यात, आत रोख रक्कम घालून पाकीट नळकांड्याच्या फटीतून टाकावे आणि फाडून ठेवलेला तुकडा आपल्या जागेच्या खांबाला अडकवावा. सुटे पैसे देणारे कोणी नसल्यामुळे एक आणि पाच डॉलरच्या नोटा आणि चालणारे पेन गाडीत ठेवावे. काही ठिकाणी आता मोबाइलवरून पैसे भरण्याची सोय झाली आहे, पण मोबाइल चालत नसेल तर तिचा उपयोग नाही.

जमीन पारखणे

तंबू गाडीतून काढण्याआधी जागेवर उभे राहून प्रथम वर पाहावे. एमराल्ड अ‍ॅश बोअरर नावाचा हिरवा चकाकता भुंगेरा २००२ साली मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ आढळला आणि तेव्हापासून त्याने मिडवेस्टमधील अ‍ॅश जातीची असंख्य झाडे मारली आहेत. त्यातली कित्येक वाळून उभीच आहेत. खोडाची साल सुटलेली असेल आणि लाकडावर इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची, तीन-चार मिलिमीटरची छिद्रे दिसत असतील, तर ते झाड आतून गेलेले आहे असे समजावे. वारा नसतानाही अशा झाडाची फांदी खाली येऊ शकते. त्याच्या उंचीइतक्या अंतरात तंबू लावू नये, मग सावली कितीही छान असो.

नंतर खाली पाहावे. ओढ्याकाठच्या झुडपांत गुडघ्याच्या उंचीवर वाळलेले गवत आणि काटक्या एकाच दिशेला गुंडाळून अडकलेल्या दिसल्या, तर मागचा पूर तिथवर चढला होता हे निश्चित. वरच्या पठारावर पाऊस झाला की अरुंद खोऱ्यातला ओढा थोड्या वेळातच फुगतो, म्हणून त्या खुणेपेक्षा बऱ्याच उंचावर जागा घ्यावी.

आता जमिनीचा बारीक उतार पाहायचा. पहिल्याच मुक्कामात मी एक उथळ, गुळगुळीत, खड्याविना जागा पाहून हरखलो आणि तंबू अगदी मधोमध लावला. रात्री दोनच्या सुमारास पावसाने जाग आली तेव्हा पाठीखालची गादी हलकेच डोलत होती. ती जागा गुळगुळीत होती, कारण प्रत्येक पावसात तिथेच पाणी साचून गाळ बसत होता. शेजारच्या तंबूतील वृद्ध गृहस्थांनी सकाळी चहाचा कप पुढे करत एवढेच सांगितले की, तंबू लावण्याआधी बाटलीभर पाणी जमिनीवर ओतून ते कुठे जाते ते पाहावे. तेव्हापासून मी हा प्रयोग चुकवलेला नाही. पाणी हळूहळू एका बाजूला सरकायला हवे. तेवढा उतार चांगला असतो आणि झोपताना डोके वरच्या बाजूला ठेवले की तो जाणवतही नाही.

तंबू उभारणे

नवा तंबू प्रथम घराजवळच्या हिरवळीवर एकदा लावून पाहावा. ‘चार माणसांचा’ असे लिहिलेल्या तंबूत दोन माणसे आणि त्यांचे सामान नीट मावते. दुकानातील आकडा माणसे एकमेकांना खेटून निजवून काढलेला असतो. तंबूखाली अंथरायचे ताडपत्रीचे कापड तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी थोडे लहान असावे. ते बाहेर राहिले तर तंबूवरून ओघळलेले पाणी त्यावर साचून थेट आपल्या खाली येते, आणि मी पाहिलेल्या नवख्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने ही चूक केलेली आहे. खुंट्या माथा तंबूपासून दूर झुकेल अशा तिरक्या ठोकाव्यात. वरचे पावसाळी आच्छादन आकाश निरभ्र असले तरी लावावे आणि ते आतल्या कापडाला कुठेही टेकणार नाही इतके ताणावे.

अंथरुणाच्या बाबतीत पांघरुणापेक्षा खालचा थर महत्त्वाचा आहे. सप्टेंबरअखेरीस इथली रात्र दहा अंशांच्या खाली सहज जाते आणि उष्णता जमिनीत ओढली जाते. हवेने फुगवायची साधी गादी थंडी अडवत नाही. तिच्यावर किंवा तिच्याऐवजी फोमची जाड चटई हवी. घरची गोधडी न्यायचा मोह होतो, पण सुती कापड रात्रीचा दमटपणा शोषून घेते. तिला गाडीतच राहू द्यावे.

पाणी आणि स्वयंपाक

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोजचे किमान चार लिटर पाणी घरूनच न्यावे. हातपंप असल्यास तेथील फलक वाचून पाणी पिण्यायोग्य आहे का ते पाहावे. असे पंप जड असतात. पहिले दहा-बारा दांडे कोरडे खोकतात, मग लोहाच्या अंशामुळे तांबूस पाणी येते, आणि ते नितळ होईपर्यंत दांडा हलवत राहावे लागते. ओढ्याचे पाणी काचेसारखे दिसले तरी उकळल्याशिवाय किंवा गाळणयंत्रातून काढल्याशिवाय पिऊ नये.

स्वयंपाक शेकोटीवर करण्याच्या कल्पनेत रम्यता आहे, पण पावसात ती भूक भागवत नाही. प्रोपेनच्या छोट्या डब्यावर चालणारी एका शेगडीची चूल पुरेशी असते. कांदा-मिरची चिरून, शेंगदाणे भाजून, मोहरी-हळद-हिंग एका डबीत घालून नेले तर दहा मिनिटांत कांदेपोहे होतात, आणि रात्री मऊ भात, मेतकूट, तूप यापलीकडे काही लागत नाही. भांडी ओढ्यात धुऊ नयेत. खरकटे गाळून कचऱ्याच्या पिशवीत भरावे आणि साबणाचे पाणी ओढ्यापासून साठेक मीटर दूर टाकावे.

अन्नाचा कणही तंबूत ठेवू नये. चिवड्याची बांधलेली पुडीही नाही. इथला रॅकून रात्री पुढच्या पायांनी कूलरचे झाकण सहज उघडतो, त्यामुळे सगळे खाणे, कचरा आणि टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद करावे. उत्तर विस्कॉन्सिन, उत्तर मिनेसोटा आणि मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात काळ्या अस्वलांचा वावर असल्याने तिथे ही सूचना आणखी काटेकोरपणे पाळावी.

सरपण

सरपण घरून नेऊ नये. वर उल्लेखलेल्या भुंगेऱ्याचा प्रसार दूरवर जो झाला तो बऱ्याच अंशी लोकांनी गाडीत घालून नेलेल्या ओंडक्यांतून. लाकूड मुक्कामाच्या जवळच विकत घ्यावे. खेड्यातील रस्त्यांवर शेतकऱ्यांनी मोळ्या रचून शेजारी पैशांचा डबा ठेवलेला दिसतो. शेकोटी विझवताना पाणी ओतावे, राख ढवळावी, पुन्हा पाणी ओतावे आणि हाताला ऊब लागेनाशी झाल्यावरच झोपायला जावे.

गोचीड आणि झुडपे

अस्वलापेक्षा मिडवेस्टमध्ये काळजी करावी ती गोचिडीची. लाइम हा आजार पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते आणि चावल्याचे कळतही नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी पँट, मोजे आणि बूट यांवर ०.५ टक्के परमेथ्रिन फवारून वाळवावे. हे औषध कातडीवर लावायचे नसते, आणि ओले असताना ते मांजरांना घातक असते. हातापायांना डीट हे कीटक दूर ठेवणारे रसायन असलेले औषध लावावे, पँट मोज्यांत खोचावी आणि रोज संध्याकाळी गुडघ्यांमागे, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत, कानांमागे व केसांच्या मुळाशी तपासावे. गोचीड सापडल्यास टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल लावणे, काडीने चटका देणे हे घरगुती उपाय करू नयेत. लाइमचे जंतू शरीरात जाण्यासाठी ती सहसा चोवीस तासांहून अधिक काळ चिकटलेली असावी लागते, म्हणून रोजची तपासणी हाच खरा बचाव आहे. पुढच्या काही आठवड्यांत अंगावर चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टरांना मुक्कामाची तारीख सांगावी.

तीन-तीन पानांचे, स्पर्शाने खाजरे पुरळ उठवणारे पॉयझन आयव्ही आणि छत्रीसारखी पिवळी फुले येणारे वाइल्ड पार्सनिप ही दोन झुडपे चित्र पाहून ओळखून ठेवावीत. दुसऱ्याचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले की भाजल्यासारखे फोड येतात.

वादळ

इथले वादळाचे इशारे काउंटीच्या नावाने दिले जातात. आपण अ‍ॅलमकी काउंटीत आहोत आणि पश्चिमेला विनेशीक काउंटी आहे हे ठाऊक नसेल, तर रेडिओवरील इशारा ऐकूनही उपयोग होत नाही. ही नावे निघतानाच कागदावर लिहून घ्यावीत आणि बॅटरीवर चालणारा, एनओएए या सरकारी हवामान संस्थेचे इशारे ऐकवणारा रेडिओ जवळ ठेवावा. १० ऑगस्ट २०२० रोजी मध्य आणि पूर्व आयोवातून गेलेल्या डेरेचो (सरळ रेषेत दूरवर धावणाऱ्या सोसाट्याच्या) वादळात सीडर रॅपिड्सच्या परिसरात वाऱ्याचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास गेल्याचा अंदाज हवामान खात्याने वर्तवला होता. तंबू कोणत्याही वादळात आसरा नसतो. गडगडाट ऐकू येताच गाडीत बसून काचा वर कराव्यात आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. चक्रीवातापासून (टोर्नेडोपासून) मात्र गाडीही वाचवत नाही. अंदाजात त्याची शक्यता दिसत असेल तर बेत सरळ पुढे ढकलावा.

रात्र आणि निघण्याची सकाळ

रात्री दहाच्या सुमारास शांततेची वेळ सुरू होते. आपल्या मंडळींच्या गप्पा शेकोटीभोवती रंगात आल्या की आवाज किती चढतो ते आपल्याला कळत नाही. दरीत तो दुप्पट लांब जातो. गप्प बसले तर घुबडाचा घुमणारा आवाज ऐकू येतो आणि मध्येच एक कोयोटी (कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) ओरडला की पलीकडच्या टेकडीवरून दुसरा उत्तर देतो. हे आवाज दूरचे असतात, घाबरून गाडीकडे पळू नये.

सकाळी खुंट्या मोजून पिशवीत भराव्यात, कारण एक नेहमी गवतात राहते. दवाने ओला झालेला तंबू तसाच गुंडाळून आणला असेल तर घरी पोहोचताच गॅरेजमध्ये किंवा बाल्कनीत पसरून वाळवावा, नाहीतर आठवडाभरात त्यावर बुरशीचे काळे ठिपके उठतात. उरलेले सरपण परत गाडीत भरू नये. ते लोखंडी कड्याशेजारी रचून पुढच्या माणसासाठी ठेवावे.