चिलरचं बिल कमी करा: प्रवाळाच्या टाकीला माठाची युक्ती

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि प्रवाळाला लागतं 25 ते 27 अंशांचं पाणी. म्हणून समुद्री टाकीच्या (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या) वीजबिलात चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्रच सगळ्यात जास्त खातो. पण आपला उन्हाळा कोरडा आहे, त्याचा फायदा घ्या. माठ जसा पाझरलेल्या पाण्याची वाफ होऊन गार होतो, तशीच वाफेने टाकीही होते. काचेचं झाकण काढून बारीक जाळी बसवा (मासे उडी मारतात, जाळी हवीच) आणि 10-15 वॉटचा छोटा पंखा सम्पच्या (टाकीला जोडलेल्या खालच्या पेटीच्या) पाण्यावर तिरका सोडा. एक लिटर पाण्याची वाफ झाली की साधारण 0.67 युनिटइतकी उष्णता ती घेऊन जाते!

सकाळी सम्पची पातळी बोटभर उतरलेली दिसेल. तिथे फक्त आरओचं गोडं पाणी घाला. मीठ वाफेबरोबर जात नाही, त्यामुळे खारं पाणी ओतलंत तर खारेपणा चढत जातो आणि प्रवाळ आक्रसून बसतो. रोज मोजा, घनता 1.025 च्या आसपास ठेवा. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा जोर ओसरतो, तेव्हा चिलर लागणारच.

दिवे एलईडीच घ्या आणि दुपारऐवजी संध्याकाळी 5 नंतर लावा, म्हणजे त्यांची उष्णता भर उन्हात वाढत नाही. परतीचा पंप (सम्पमधलं पाणी पुन्हा टाकीत चढवणारा) चोवीस तास फिरतो, तेव्हा 60 वॉटचा काढून 25 वॉटचा डीसी पंप बसवलात तर महिन्याला 25 युनिट वाचतात.