बोर्डावरचा कपॅसिटर बदलण्याआधीची तयारी

फुगलेला कपॅसिटर दिसला की हात थेट सोल्डरिंग आयर्नकडे जातो. थोडं थांबा. कपॅसिटर नवा मिळतो, पण बोर्डावरून उखडलेला पॅड (पाय जिथे सोल्डर होतो तो तांब्याचा ठिपका) पुन्हा बसवणं फार कठीण, म्हणून सगळी तयारी बोर्ड वाचवण्यासाठी करायची.

उघडताना फोटो काढत जा, कनेक्टर आणि वायरी स्पष्ट दिसतील असे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरचा पट्टा ऋण पाय दाखवतो, टँटलमवरचा मात्र धन. बोर्डावरच्या छापील खुणेची पद्धत सगळीकडे सारखी नसते, तेव्हा पट्टा कुठे होता ते मार्करने बोर्डावरच लिहून ठेवा.

पॉवर सप्लायचा बोर्ड असेल तर सर्वांत आधी मल्टिमीटर लागतो. २३० व्होल्टच्या सप्लायमधला मोठा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही तसाच राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करू नका. इन्सुलेट केलेल्या वायरी जोडलेला २ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर कपॅसिटरच्या दोन पायांवर काही सेकंद धरा आणि मीटरवर व्होल्टेज जवळजवळ शून्य दिसल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका. मायक्रोवेव्हचा हाय-व्होल्टेज भाग तर घरी उघडूच नये.

फ्यूजही उडाला असेल तर ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) आणि मॉस्फेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहेत का ते आधी बघा, नाहीतर नवा फ्यूजही उडेल.

नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचा, १०५ अंश सेल्सियसपर्यंत चालणारा आणि सप्लायसाठी लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) घ्या. पायांमधलं अंतर, व्यास आणि उंची पट्टीने मोजूनच घ्या. १६ व्होल्टच्या जागी ३५ व्होल्टचा चालतो, पण तो जाड निघून हीटसिंकला टेकला तर उष्णतेने लवकर जाईल. एक जास्तीचा आणलेला बरा.

जुना काढायला सोल्डर पंप, विक (वितळलेलं सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) आणि रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट वाहायला मदत करणारा राळेचा लेप) हवेत. लेड-फ्री सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं, ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ लाच. म्हणून जुन्या जोडावर आधी थोडं नवं सोल्डर टाकायचं. राखाडी, निस्तेज डाग चकचकीत होऊन हलायला लागला की पंप मारायचा. ग्राउंडचा पाय सर्वांत हट्टी, कारण तिथलं तांबं उष्णता ओढून घेतं. त्याच्यासाठी आयर्नचं रुंद बिट (टोक) ठेवा. टोकदार बिटने रेटत बसलं की पॅड सुटतो. पाय सैल झाल्याशिवाय कपॅसिटर ओढायचा नाही.

फ्लक्स पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना ब्रश, डोळ्यांवर चश्मा, खिडकी उघडी. शिसं हाताळल्यावर हात धुवा. पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये लावायला जुना फिलामेंटचा बल्ब आधीच शोधून ठेवा: तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भरपूर उजळत राहिला तर लगेच बंद करा.