वृत्तचितीचं घनफळ काढताय? या चुका टाळा

वृत्तचिती म्हणजे सरळ गोल डब्यासारखा आकार. तिचं घनफळ: पाय (π, साधारण 22/7) गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची. झोपेतून उठवलं तरी पोरं सूत्र घडाघडा म्हणतात, आणि गणितात व्यास दिला की तोच उचलून त्याचा वर्ग करतात. ऐरोलीत मी नववी-दहावीच्या शिकवण्या घेतो. लाल पेन सगळ्यात जास्त याच चुकीवर झिजतं.

पेपरात मार्क जातात, आमच्या सोसायटीत पाणी गेलं. जमिनीखालच्या टाकीचं वॉटरप्रूफिंग चालू होतं, म्हणून आवारात तात्पुरती गोल काळी टाकी आणली. सेक्रेटरींनी माझ्याच एका विद्यार्थ्याला विचारलं, "किती मावेल रे?" आतला व्यास 1.4 मीटर, उंची 1.5. पठ्ठ्याने 1.4 चाच वर्ग केला. मोबाइलवर उत्तर आलं 9.24 घनमीटर, म्हणजे 9,240 लिटर. लगेच दहा हजार लिटरचा टँकर! खरी त्रिज्या 0.7, टाकीत मावणार 2,310 लिटर. पाइप सोडून ड्रायव्हर चहाला गेला, परत येईपर्यंत पाणी पार्किंगमधून गेटबाहेर. पैसे अर्थात पूर्ण टँकरचे. त्रिज्या दुप्पट धरली की उत्तर चौपट होतं, वर्ग आहे ना तो!

माझी सवय सांगतो. व्यास दिसला की आधी निम्मा करायचा, त्रिज्या लिहायची आणि व्यासावर चक्क काट मारायची. "सर, मी तोंडी करतो" म्हणणाऱ्याला मी तो टँकर ऐकवतो.

दुसरं दुखणं एककांचं. त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये, आणि गुणाकार बिनधास्त. 1 घनमीटर म्हणजे 100 घनसेंटिमीटर नव्हे; 100 तीनदा गुणा, 10,00,000 होतात. त्यातल्या दर 1,000 चा 1 लिटर.

बंद टाकीचा व्यास वरून टेप धरून अंदाजाने घेऊ नका. टाकीच्या पोटाला दोरी गुंडाळा, ती मोजा आणि 22/7 ने भागा. दोरी 4.4 मीटर भरली तर व्यास 1.4. हा बाहेरचा झाला. भिंत जाड असेल तर दोन्ही बाजूंची जाडी वजा करा.

2 गुणिले π गुणिले त्रिज्या गुणिले उंची हे बाजूच्या वक्र भागाचं क्षेत्रफळ, म्हणजे रंगाऱ्याचं सूत्र, पाणीवाल्याचं नाही.

π साठी 22/7 घ्या नाहीतर 3.14. एकाच गणितात दोन्ही नकोत.

आणि आडव्या पडलेल्या पिंपात पाव उंचीपर्यंत पाणी दिसलं तर पाव पिंप धरू नका, ते 20 टक्क्यांच्याही किंचित खाली असतं. तिथे मी सरळ बादली घेतो.