डीव्हीडीच्या खाचांपासून ताण मोजणारी सिलिकॉनपट्टी

नॅनोरचना बनवायला क्लीनरूम (धूळमुक्त प्रयोगशाळा) हवी, या समजुतीने सोलापुरातल्या कॉलेजांनी हा प्रयोग टाळू नये. कोऱ्या डीव्हीडी-आरवर ७४० नॅनोमीटर अंतराच्या खाचा असतातच. आपण त्यांचा फक्त सिलिकॉनमध्ये ठसा घ्यायचा. ठसा ताणला की खाचांमधलं अंतर बदलतं, आणि त्यांनी फाकवलेला लेझरचा ठिपका सरकतो. त्यावरून ताण कळतो.

कडेतून पातळ ब्लेड घालून डिस्कचे ०.६ मिमीचे दोन थर सुटे करा. पारदर्शक, जांभळट थर ठेवा. त्यावरचा रंग आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतून घालवा. ॲसिटोन नको, त्याने डिस्कचं प्लास्टिक (पॉलिकार्बोनेट) पांढरं पडतं. खाचांची बाजू पुसू नका, नुसती वाळू द्या. सुताचा एक तंतू वीसेक खाचा झाकतो, आणि यंत्रमागाच्या वस्तीत हवेतही सूत तरंगत असतं. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर झाकण हवंच.

पीडीएमएस (द्रव सिलिकॉन रबर) ५ ग्रॅम, ते घट्ट करणारं हार्डनर ०.५ ग्रॅम. इथे चूक झाली तर पट्टी मऊ किंवा ठिसूळ होते, म्हणून सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा वापरा. पाच मिनिटं ढवळा, व्हॅक्युम डेसिकेटरमध्ये (हवा उपसून घेता येणाऱ्या बंद भांड्यात) अर्धा तास बुडबुडे काढा. मे महिन्यात हे काम सकाळीच उरका. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात मिश्रण लवकर दाटतं. समतल ठेवलेल्या डिस्कच्या तुकड्यावर १ मिमी जाडीचा थर ओता आणि ६० अंशांवर चार तास ठेवा. पृष्ठभाग चिकट राहिला तर आधी हातमोजे तपासा: लेटेक्समधलं गंधक मिश्रण घट्ट होऊ देत नाही. नायट्राइलचे चालतात.

कोपऱ्यातून, खाचांच्या दिशेने, सावकाश सोला. मग १ सेमी रुंद, ३ सेमी लांब पट्टी कापा. लांबी डिस्कच्या त्रिज्येच्या दिशेनेच हवी, म्हणजे ओढ खाचांना काटकोनात बसते. पट्टीवर २० मिमी अंतरावर शाईचे दोन ठिपके द्या. चिमट्यात ती घसरते, म्हणून जबड्यांना पॉलिशपेपर लावा.

आता ६५० नॅनोमीटरचा, ५ मिलिवॉटच्या आतला लाल लेझर पट्टीच्या मध्यावर सरळ पाडा. पडदा १० सेमीवर ठेवा. गणिताने पहिला बाजूचा ठिपका मधल्यापासून १८.४ सेमीवर यायला हवा. प्रत्यक्षात तो जरा बाहेर पडतो, कारण घट्ट होताना पीडीएमएस आकसतं आणि खाचा जवळ येतात: एक टक्का आकसलं तर १९.२ सेमी. म्हणून पुस्तकी आकडा नको, तुमच्या पट्टीचं शून्य ताणाचं वाचनच पाया धरा. शाईचे ठिपके २१ मिमीवर जाईपर्यंत ओढलं, म्हणजे ५ टक्के ताण दिला, की लाल ठिपका १५.८ सेमीच्या आसपास आत येतो. तो उलट बाहेर सरकला, तर पट्टी आडवी कापली गेली आहे.