रा द सॅंमध्ये चुकलेला एक तास (माझा अनुभव)

फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर कामारेहून ओदियेर्नला शिडाच्या होडीने जाताना मध्ये रा द सॅं लागते. सॅं बेट आणि रा टोक यांमधल्या या चिंचोळ्या वाटेत उधाणाला 6 नॉटच्याही (तासाला साधारण 11 किमी) पुढे ओढ असते. म्हणून ती प्रवाह थांबतो तेव्हाच ओलांडायची. ही वेळ पुस्तिकेत दिलेल्या ब्रेस्ट बंदराच्या भरतीच्या वेळेवरून काढतात. मी ती काढली, दोनदा तपासली, आणि तरीही चुकलो.

पोहोचलो तर पाणी अजून उत्तरेलाच, म्हणजे आमच्या विरुद्ध, धावत होतं. वारा नेमका उत्तरेचा, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध, त्यामुळे लाटा उभ्या राहून फुटत होत्या. पाण्यातला वेग साडेपाच नॉट, जीपीएसवर, म्हणजे प्रत्यक्ष पुढे सरकण्याचा, जेमतेम दीड! ला व्हिएय दीपगृह जागचं हलेना. खेकड्यांच्या पिंजऱ्याचा बोया (खुणेचा तरंगता गोळा) तर प्रवाहाने आडवा होऊन अर्धा बुडाला होता. सुकाणूवर बायको होती. ती म्हणाली, "अहो, वळवूया." तिचंच बरोबर होतं. मागे फिरून मोकळ्या पाण्यात थांबलो.

तिथे पुस्तिका पुन्हा उघडली. तळाशी बारीक अक्षरात 'यूटी+1' लिहिलेलं. म्हणजे जागतिक वेळेच्या एक तास पुढची, फ्रान्सची हिवाळी वेळ. उन्हाळ्यात एक तास मिळवायचा. तो मी मिळवलाच नव्हता.

तासाभराने बोया सरळ उभा राहिला, तेव्हा निघालो आणि अलगद पार झालो.

आता निघण्याच्या आदल्या रात्री सगळ्या वेळा तास मिळवून वहीत लाल शाईने उतरवतो. पुस्तिका मग डेकवर आणतच नाही. आणि आत शिरण्याआधी एखादा बोया नीट बघून घेतो.