ट्रॉलीच्या चाकाला जॅमर लावताना

आमची ट्रॅक्टरची पहिली ट्रॉली चोरीला गेली तेव्हा तिच्या चाकाला जॅमर, म्हणजे चाक फिरू नये म्हणून लावायचा लोखंडी अडसर, होता. सकाळी मंद्रूपच्या मळ्यात गेले, तर बांधालगत आमचं एक चाक आडवं पडलेलं. त्यावर जॅमर तसाच, कुलूपही शाबूत. ट्रॉली नव्हती. चोरांनी नट खोलून आमचं चाक उतरवलं, सोबत आणलेलं चढवलं आणि ट्रॉली ओढून नेली. उसाच्या पट्ट्यात बहुतेक ट्रॉल्यांची चाकं ठरावीक मापांचीच असतात, त्यामुळं दुसरं चाक मिळवणं त्यांना जड गेलं नसणार.

म्हणून जॅमर बघताना मी पहिली गोष्ट एकच बघते: तो लावल्यावर चाकाचे नट झाकले जातात का? नुसता टायरला मिठी मारणारा जॅमर घेऊ नका, कितीही जाडजूड दिसला तरी.

दुकानात जाण्याआधी मापं घ्या. टायरवर 9.00-16 असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचात. तयार मिळणारे बरेचसे जॅमर कारच्या चाकाच्या बेतानं केलेले असतात, ते आपल्या टायरवर बसत नाहीत. मग हब, म्हणजे चाकाच्या मधला उंचवटा, डिस्कच्या (नट बसतात त्या चकतीच्या) किती बाहेर आलंय ते पट्टीनं मोजा. आमच्या ट्रॉलीचं साडेचार इंच बाहेर आहे. अशा हबवर सपाट पत्रा टेकतच नाही, नटापाशी फट राहते आणि त्या फटीतून पाना आत जातो. शेवटी टायरच्या आतल्या बाजूला हात घालून बघा, स्प्रिंगच्या पाट्यांपर्यंत किती जागा आहे. मागचा दांडा तिथूनच जायचा आहे.

मापाचा तयार जॅमर मिळाला नाही, म्हणून मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका मिस्त्रींकडून करून घेतला. एकात एक सरकणारे दोन चौकोनी पाईप, एका टोकाला टायरमागं जाणारा वाकडा दांडा, दुसऱ्या टोकाला 8 मिलिमीटर पत्र्याचा खोल डबा. हब डब्यात शिरतं आणि आठही नट झाकले जातात. मिस्त्रींना मी एकच विनंती केली, "मामा, कुलपाची कडी बाहेर दिसू देऊ नका." त्यांनी कुलपाभोवती जाड पाईपचा तुकडा वेल्ड केला. कडी उघडी असली की कटरला वेळ लागत नाही. कुलूप आखूड कडीचं, कडक पोलादाचं घ्या. इथं दोन पैसे वाचवू नका.

लावायची रीत अशी. ट्रॉली सपाट जागी उभी करा, दोन्ही चाकांच्या मागंपुढं दगड लावा. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत चाक रुततं, म्हणून मी चाकाखाली शहाबादी फरशी घालते. टायरमध्ये हवा पूर्ण हवी. कमी हवेच्या टायरवर जॅमर घट्ट बसत नाही. रिमला मोठी भोकं असतील तर मागच्या दांड्याचं टोक भोकातून पुढं काढता येईल असा जॅमर करून घ्या. मग चोरानं हवा सोडली तरी तो निसटत नाही. कुलूप जमिनीपासून फूटभर वर आणि किल्लीचं भोक खाली तोंड करून ठेवा. त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा बांधा. कुलपात तेल घालू नका, आपल्याकडची धूळ त्याला चिकटून चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड घाला.

लावून झालं की स्वतः चोर होऊन बघा. नटाला पाना लावा, हवा सोडा, जॅमर पहारीनं हलवा. आमच्या भावजींनी पहिल्याच दिवशी तो अर्धा इंच सरकवून दाखवला. मी तसाच मिस्त्रींकडं परत नेला आणि पाईपातलं कुलपाचं भोक नव्यानं पाडून घेतलं.

ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीच्या कड्यातही एक कुलूप अडकवा, म्हणजे जोडणारी पिन बसणार नाही. चेसीखाली वेल्डिंगनं आपलं नाव आणि गाव लिहून घ्या. रंग दिला तरी वेल्डची अक्षरं हाताला लागतात. चेसी नंबरचा फोटो आणि ट्रॉलीची कागदं घरात ठेवा, तक्रार देताना उपयोगी पडतात.

हंगामात ट्रॉली कारखान्यावर ऊस उतरवायला नंबराला असते तेव्हा माणूस जवळ असतो. खरी काळजी गाळप संपल्यावरची, ट्रॉली महिनोन्‌महिने एका जागी उभी असते तेव्हाची. तेव्हा महिन्यातून एकदा जॅमर काढून चाक अर्धा फेरा फिरवा, नाहीतर टायर एकाच जागी दबतो.

आणि निघताना जॅमर काढायचा विसरू नका. पुतण्यानं एकदा तसाच ट्रॅक्टर सुरू केला, मागचा दांडा पाट्याला जाऊन आदळला आणि वाकला. तेव्हापासून जॅमरची किल्ली ट्रॅक्टरच्या किल्लीच्याच कडीत असते आणि ट्रॉलीच्या दांडीला लाल चिंधी. जॅमर उतरवल्याशिवाय चिंधी सोडायची नाही.