स्क्रीप्स खेळायला बसताय? आधी एडिटर आणि गिटची घडी बसवा

स्क्रीप्स या ऑनलाइन खेळात तुम्ही खेळत नाही, तुमचा कोड खेळतो. जावास्क्रिप्ट लिहायची, सर्व्हरवर चढवायची, आणि मग ती दर टिकला, म्हणजे खेळाच्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला, चालत राहते. तुम्ही झोपलात तरी चालते, कामावर गेलात तरी चालते. मला या खेळाचं वेड लागलं ते याच गोष्टीमुळे, आणि नवख्यांची पहिली तारांबळ उडते तीही इथेच. क्रीपचं, म्हणजे तुमच्या कोडच्या हुकमावर राबणाऱ्या कामकऱ्याचं, आयुष्य १५०० टिकांचं आणि एक टिक जेमतेम काही सेकंदांचा. रात्री अर्धवट कोड चढवून झोपलात, तर सकाळी खोली रिकामी सापडते. असलेले क्रीप आयुष्य संपून गेलेले असतात आणि नवे बनवणारी ओळ रात्रभर चाललेलीच नसते.

हे लिहितेय ते ट्युटोरियल संपवून खऱ्या जगात नुकतं पाऊल टाकलेल्यांसाठी. हार्वेस्टर, अपग्रेडर, स्पॉन म्हणजे काय, कमिट आणि पुश म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

एडिटरचं आधी उरकून टाकू. व्हीएस कोड घ्या किंवा हात बसलेला दुसरा कुठलाही एडिटर घ्या, त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. टाळता येणार नाही अशी एकच गोष्ट आहे: एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजांचं भांडार) स्क्रीप्सच्या टाइप डेफिनिशन्स, म्हणजे कुठल्या फंक्शनला काय द्यायचं याची एडिटरला कळणारी यादी, आणून बसवायच्या आणि जेएस फाइल्सची टाइप तपासणी चालू करायची. प्रोजेक्टच्या जेएसकॉन्फिग फाइलमध्ये 'चेकजेएस' चालू केलं की झालं. कोड टाइपस्क्रिप्टमध्ये लिहायची गरज नाही.

याचा एवढा आग्रह का, ते सांगते. स्क्रीप्समधली बहुतेक फंक्शन्स चुकली की आरडाओरडा करत नाहीत. ती गुपचूप एक आकडा परत देतात. 'ट्रान्सफर'ला लक्ष्य दिलंत पण कुठलं रिसोर्स द्यायचं ते लिहायला विसरलात, तर उत्तर येतं उणे १०. तो आकडा तुम्ही तपासला नाहीत तर कन्सोलवर काहीच दिसत नाही. क्रीप पोट भरून स्पॉनशेजारी उभा, आणि तुम्ही तासभर रस्ता शोधण्याच्या कोडमध्ये डोकं घालून बसलेले. टाइप तपासणी चालू असेल तर त्याच ओळीखाली, टाइप करतानाच, लाल रेघ येते. शिकत असताना ही रेघ फार मोलाची आहे.

फोल्डरात फोल्डर करू नका. सर्व्हरवर मॉड्यूल, म्हणजे तुमच्या कोडच्या फाइल्स, सगळे एकाच पातळीवर असतात, म्हणून ट्युटोरियलमधली 'रोल डॉट हार्वेस्टर' अशी टिंबवाली नावंच पुढे चालू ठेवा. आणि ऑटो सेव्ह बंद करा. स्टीमवरचा क्लायंट वापरत असाल तर तो तुमच्या संगणकावरच्या एका फोल्डरवर नजर ठेवून असतो. फाइल सेव्ह झाली की कोड थेट सर्व्हरवर जातो. त्याला ऑटो सेव्हची जोड मिळाली की कंस उघडून तुम्ही विचार करत बसता आणि तो उघडा कंस तुमच्या वसाहतीवर राज्य करत असतो. पुष्कळांना ही सोय वाटते. मला ती नवख्यांच्या हातात देऊच नये असं वाटतं. कोड चढवणं ही जाणूनबुजून केलेली कृती हवी.

आता मुख्य मुद्दा. यावर मी लांबण लावणार आहे, कारण मी इथेच अडकले होते आणि बाहेर पडायला कुणी दोर टाकला नव्हता.

तुमचा कोड एका वेळी तीन ठिकाणी असतो: तुमच्या संगणकावरच्या फोल्डरात, गिटच्या इतिहासात, आणि खेळाच्या सर्व्हरवर. पहिल्या दोघांची सांगड गिट घालतं. तिसऱ्याबद्दल गिटला काडीमात्र माहिती नसते. बाहेरून अपलोड करता तेव्हा सर्व्हर जुन्या-नव्याची तुलना करत नाही, मर्ज करत नाही, विचारतही नाही. त्या ब्रँचमधले सगळे मॉड्यूल काढून तुम्ही पाठवलेले ठेवतो.

प्रत्यक्षात काय घडतं ते पाहा. दुपारी हातात फक्त ब्राउझर आहे. खेळ उघडता तर हार्वेस्टर स्पॉनपाशी ताटकळलेले. स्पॉन भरलाय, 'ट्रान्सफर' उणे ८ देतंय, म्हणजे जागा नाही, आणि कोड एक्स्टेन्शनकडे, म्हणजे एनर्जी साठवणाऱ्या जोड-इमारतींकडे, बघतच नाहीये. खेळातला एडिटर समोरच आहे. तुम्ही शोधण्याची अट बदलता, एक्स्टेन्शन त्यात घेता, सेव्ह करता. क्रीप हलायला लागतात. काम झालं, खिडकी बंद.

संध्याकाळी घरच्या संगणकावर बसता, टॉवरचं नवं मॉड्यूल लिहिता, नीट कमिट करता, अपलोड करता. टॉवर छान चालतो आणि हार्वेस्टर पुन्हा उभे. तुम्हाला साहजिकच वाटतं की टॉवरच्या कोडने काहीतरी बिघडवलं. टॉवर एनर्जी खातोय का, क्रम चुकला का, सीपीयू संपतोय का, असे सगळे कोपरे झाडून होतात. मग गिट लॉग उघडता, तर हार्वेस्टरची फाइल कित्येक दिवसांत बदललेलीच नाही. गिट खरंच बोलतंय. दुपारची दुरुस्ती त्याने कधी पाहिलीच नव्हती आणि तुमच्या संध्याकाळच्या अपलोडने ती पुसून टाकली. माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडवणारा प्रकार आहे हा, कारण दुरुस्ती केल्याचं पक्कं आठवतंय आणि पुरावा कुठेच नाही.

यावर उपाय शिस्तीचा आहे, हुशारीचा नाही. कोड एकाच दिशेने वाहायला हवा: एडिटरमधून गिटमध्ये, गिटमधून खेळात. खेळातला एडिटर फक्त वाचायला. अगदीच आणीबाणीत तिथे काही बदललंत, तर पुढच्या अपलोडआधी तो मॉड्यूल जसाच्या तसा उचलून आपल्या फोल्डरात टाका, गिट डिफ बघा, 'खेळातली दुरुस्ती' असा वेगळा कमिट करा. मगच पुढचं काम. 'नंतर करू' म्हटलंत की गेलं.

ही शिस्त मनावर सोडू नका, अपलोडच्या स्क्रिप्टमध्ये पक्की करा. स्क्रीप्सच्या वेब एपीआयला कोड पाठवणारी स्क्रिप्ट छोटीच असते. तिच्यात दोन गोष्टी घाला. पहिली, कमिट न केलेलं काही शिल्लक असेल तर तिने अपलोड करायला साफ नकार द्यायचा. दुसरी, चालू कमिटचा छोटा हॅश, म्हणजे गिटने त्या कमिटला दिलेली ओळखखूण, घेऊन तो 'व्हर्जन' नावाच्या एका मॉड्यूलमध्ये लिहायचा आणि बाकी कोडबरोबर पाठवायचा. हा मॉड्यूल गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइल्सची यादी) टाकायला विसरू नका, नाहीतर तोच दर वेळी 'कमिट न केलेला बदल' म्हणून उभा राहील आणि पहिली अट तुम्हालाच अडवेल. मग मेन मॉड्यूलमध्ये, दर टिकला चालणाऱ्या लूपच्या बाहेर, तो हॅश कन्सोलवर छापणारी एक ओळ लिहा. नवा कोड चढला की ग्लोबल रीसेट होतो आणि लूपबाहेरचं सगळं पुन्हा एकदा चालतं, त्यामुळे हॅश तेव्हा दिसतो. रीसेट अधूनमधून एरवीही होतात, तेव्हा तोच हॅश पुन्हा दिसला तर घाबरू नका. कन्सोलवरचा हॅश आणि गिट लॉगमधला वरचा हॅश जुळला की सर्व्हरवर नेमकं काय चाललंय हे तुम्हाला ठाऊक असतं. माझ्या मते प्रोग्रामिंगमधला निम्मा मनस्ताप इथेच संपतो.

ब्रँचचा गोंधळही याच कुळातला. खेळातही ब्रँच असतात आणि गिटमध्येही, पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. गिटमध्ये ब्रँच बदललीत म्हणून खेळातली बदलत नाही. खेळातल्या ब्रँच म्हणजे कोडच्या वेगवेगळ्या प्रती, त्यांतली एक जगासाठी चालू, एक सिम्युलेटरसाठी, म्हणजे खेळातल्या सरावाच्या खोलीसाठी. सिम्युलेटरसाठी वेगळी ब्रँच ठेवा आणि नवं काही असेल तर आधी तिथे चालवून बघा.

एक गोष्ट मात्र गिट कधीच सांभाळणार नाही: मेमरी, म्हणजे तुमच्या कोडने सर्व्हरवर लिहून ठेवलेल्या नोंदी. कोड मागे नेता येतो, खेळ मागे नेता येत नाही. समजा तुम्ही 'हार्वेस्टर' या रोलचं नाव बदलून 'मायनर' केलंत आणि मेमरीतल्या सगळ्या क्रीपचा रोल नव्या नावाने लिहिलात. काहीतरी फसलं म्हणून गिट रिव्हर्ट करून जुना कोड चढवलात. जुना कोड हार्वेस्टर मोजतो, शून्य सापडतात, तो धडाधड नवे बनवायला घेतो, आणि मायनर झालेले बिचारे जागच्या जागी खिळून राहतात, कारण त्यांना हाक मारणारं कुणी उरलेलं नसतं. म्हणून मेमरीची रचना बदलणारा बदल नेहमी स्वतंत्र कमिटमध्ये ठेवा, जुनं नाव काही काळ नव्या कोडलाही ओळखू द्या, आणि असा बदल चढवण्याआधी कन्सोलवरून मेमरी जेसनमध्ये काढून एका फाइलमध्ये ठेवून द्या.

हे वाचून धडकी भरली असेल तर थोडं थांबा. या खेळात पहिल्या टप्प्यावर सगळं बुडणं जवळजवळ अशक्य आहे. सगळे क्रीप मेले तरी स्पॉन स्वतःहून हळूहळू ३०० एनर्जीपर्यंत भरतो. काम करणारा, वाहून नेणारा आणि चालणारा असे एकेक अवयव असलेला क्रीप २०० मध्ये बनतो. कन्सोलवर एक ओळ लिहून तो जन्माला घाला, रोल द्या, वसाहत पुन्हा उभी राहते. मी ती पुन्हा उभी राहताना पाहिली आहे आणि दर वेळी आधीपेक्षा बरा कोड हातात होता.

टोकनबद्दल मात्र दयामाया नाही. अपलोडसाठी लागणारं ऑथ टोकन (तुमच्या खात्याची गुप्त किल्ली) वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये पहिल्या कमिटच्या आधी टाका. नंतर टाकून उपयोग नाही; गिट एकदा ज्या फाइलचा माग ठेवायला लागलं, ती इग्नोरमध्ये लिहिली तरी माग ठेवतच राहतं. आणि टोकन सार्वजनिक रेपोत गेलंच, तर फाइल डिलीट करून समाधान मानू नका. जुन्या कमिटमध्ये ते जिवंत आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते टोकन रद्द करा, नवं बनवा. रेपो खासगी ठेवा, हेही सांगते. तुमचा बचाव कसा चालतो हे शेजारच्या खोलीतल्या प्रतिस्पर्ध्याला वाचायला कशाला द्यायचं?

तयार स्टार्टर किटबद्दल लोक विचारतात. टाइपस्क्रिप्ट, बंडलर, लिंटर, सगळं जोडून मिळतं आणि त्यातली कित्येक किट चांगली आहेत. पण सुरुवातीला घेऊ नका. बंडलर सगळ्या फाइल्स एकत्र करून एकच मोठी फाइल पाठवतो. कन्सोलवर त्रुटी येते ती त्या मोठ्या फाइलच्या हजारोव्या ओळीवर, आणि सोर्स मॅप (मोठ्या फाइलमधली ओळ मूळ फाइलशी जुळवणारा नकाशा) नीट लावलेला नसेल तर ती ओळ तुमच्या कुठल्या फाइलमधली, हे शोधत बसावं लागतं. दुसऱ्याचा अख्खा बॉट उचलून आणण्याबद्दल माझं मत याहून कडक आहे. तो तुमच्यापेक्षा चांगला खेळेल, पण मग खेळतंय कोण?

मार्गदर्शक शोधताना एवढंच बघा की तो कीबोर्ड कुणाच्या हातात ठेवतो. तुमचं गिट अडकलं की 'सरक जरा' म्हणून दोन फोर्स पुश (आधीचा इतिहास पुसून लादलेला पुश) मारून मोकळा होणारा माणूस कितीही प्रेमळ असला तरी तुम्ही पुढच्या वेळी तिथेच अडकणार. 'गिट स्टेटस काय म्हणतंय, मोठ्याने वाच' असं म्हणून शांत बसणारा भेटला तर त्याला सोडू नका. असा माणूस भेटला नाही तरी अडत नाही. गिट स्टेटसचं उत्तर स्वतःला मोठ्याने वाचून दाखवलंत तरी बऱ्याच गाठी सुटतात.

आणि कुणाची मदत मागाल तेव्हा 'क्रीप हलत नाहीत' एवढंच लिहू नका. कन्सोलवरची त्रुटी पूर्ण द्या, फंक्शनने परत दिलेला आकडा द्या, चालू कोडचा हॅश द्या, आणि त्या एका क्रीपची मेमरी द्या. एवढं गोळा करताना कारण तुमचं तुम्हालाच सापडलं, तर प्रश्न खोडू नका. त्याखाली उत्तर लिहून ठेवा, पाठोपाठ येणाऱ्या कुणाला तरी ते लागणारच आहे.